जुनी गाडी खडखडतेय? गॅरेजला जाण्याआधी आवाज ओळखा

गॅरेजच्या दारात गाडी उभी करून आपण म्हणतो, "दादा, गाडी वाजतेय, जरा बघा ना." मेकॅनिक एक चक्कर मारतो, दोन खड्ड्यांतून नेतो आणि सांगतो, "सस्पेन्शनचं काम निघालंय." बहुतेक वेळा ते खरंही असतं. दहा-पंधरा वर्षं आपल्या रस्त्यांवर पळालेल्या गाडीत सस्पेन्शनचं, म्हणजे चाकांना गाडीशी जोडून खड्ड्यांचे धक्के झेलणाऱ्या भागांचं, काही ना काही काम निघतंच. पण तुम्हाला ऐकू येणारा आवाज त्याच कामाचा आहे का, हा प्रश्न त्या चकरेत कुणी विचारलेला नसतो. तसा तो नसला तर पैसे जातात आणि आवाज तुमच्याबरोबर घरी परत येतो.

नुकतीच सेकंड हँड गाडी घेतलेल्यांसाठी, किंवा वडिलांची जुनी गाडी हातात आलेल्यांसाठी हे लिहितोय. डोळ्यांसमोर छोटी पेट्रोल हॅचबॅक ठेवली आहे, पण यातलं बरंचसं कुठल्याही गाडीला लागू पडेल. महागडं हत्यार लागत नाही. वही, मोबाइल, टॉर्च, हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर आणि सोबतीला एक माणूस, एवढं पुरतं.

आधी हे तपासा, बाकीचं नंतर

काही आवाजांच्या मागे लागून शोध घेत बसायचं नसतं, गाडी थांबवायची असते.

इंजिनमधून जड ठकठक येतेय आणि डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागलाय, तर बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करा. "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" म्हणत काढलेल्या त्या दोन किलोमीटरमध्ये इंजिन कायमचं जाऊ शकतं. ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर येत असेल, तर पॅड संपून डिस्क खायला लागले आहेत. आणि नुकतंच चाक काढून बसवलं असेल व कमी वेगात त्या बाजूने खटखट येत असेल, तर सगळ्यात आधी चाकाचे नट बघा. टायर बदलल्यावर किंवा पंक्चर काढल्यावर ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा आवळून पाहावेत, हे बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलंच नसतं. सैल नटांची खटखट वेग वाढला की कधीकधी ऐकू येईनाशी होते. त्यामुळे आवाज गेला असं वाटतं, आणि चाक मात्र सैलच असतं.

यातलं काही नाही, अशी खात्री झाली की मग शांतपणे शोधाला लागा.

आवाजाला नाव द्या

या बाबतीत मराठी बोलणाऱ्याच्या हातात चांगलं साधन आहे. आपल्याकडे आवाजांना भरपूर शब्द आहेत आणि प्रत्येक शब्द काहीतरी नेमकं सांगतो. घरात आपण ते अचूक वापरतो. कुकरच्या शिटीला कुणी "किणकिणतेय" म्हणत नाही. गाडीच्या बाबतीतच सगळ्याला "वाजतेय" म्हणून मोकळे होतो.

खुळखुळ म्हणजे पोकळ वस्तूच्या आत काहीतरी सुटं झालंय: सायलेन्सरच्या पोटात, दाराच्या पोकळीत, डॅशबोर्डच्या मागे. किणकिण किंवा झणझण म्हणजे पातळ पत्रा थरथरतोय. कोरडी, छोटी टकटक खड्ड्यागणिक येत असेल तर कुठल्यातरी सांध्यात ढिलाई आहे. ठकठक किंवा धाडधाड तिच्यापेक्षा जड असते, तिथे शॉकअप (चाकाचे धक्के शोषणारा दांडा), लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांडीचे) बुश म्हणजे रबरी कडी, किंवा इंजिनचं फाउंडेशन (इंजिन ज्यांवर बसतं ती रबरं) यांचा संशय घ्यायचा. टिकटिक लयीत येते, म्हणजे फिरणाऱ्या भागातून येते. घरघर हा बेअरिंगचा आवाज, दळण दळल्यासारखा सलग. करकर म्हणजे रबर किंवा प्लॅस्टिक घासतंय. बहुतेक वेळा ती त्रासदायक असते, धोक्याची नसते.

वहीत पहिली ओळ हीच लिहा: आवाजाचं नाव. शेजारी बसणाऱ्यालाही न सांगता लिहायला लावा आणि मग दोन्ही ताडून बघा. तुम्ही "खडखड" लिहिलं आणि बायकोने "खुळखुळ" लिहिलं, तर पुन्हा एक चक्कर मारून ऐका. तिच्या बाजूने तो आवाज तुमच्यापेक्षा स्पष्ट येत असेल, तर ती बाजूच तुमचा पहिला धागा.

नावाखाली तो कधी येतो ते लिहा. इंजिन थंड असताना की तापल्यावर? गाडी उभी असताना येतो का? खड्ड्यातच येतो की गुळगुळीत रस्त्यावरही? वळताना, ब्रेक दाबताना, क्लच दाबताना, एसी लावल्यावर काही बदलतं का? एका ठरावीक वेगालाच येतो का? मागे चार माणसं बसली की जातो का? चार-पाच दिवस रोज दोन ओळी लिहिल्या तरी अर्धं निदान झालेलं असतं.

गाडी रिकामी करा, पूर्ण रिकामी

ही पायरी सगळे गाळतात. मीही गाळली होती.

गणपतीला गावी जाताना कशेडी घाटाच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. वरून पाऊस, मागे गाड्यांची रांग. मोबाइलच्या उजेडात स्टेपनी चढवली, पंक्चर झालेलं चाक आणि जॅक डिकीत टाकले आणि निघालो. परत आल्यावर आठवडाभरात जाणवलं, की मागून उजवीकडून खडखड येतेय. खड्डा आला की दोन-तीन वेळा आणि मग शांत. मागचा शॉकअप गेलाय, याबद्दल मला शंकाच नव्हती. गॅरेजला जाऊन मी स्वतःच तसं सांगितलं आणि मागचे दोन्ही शॉकअप बदलून घेतले. परत येताना सोसायटीच्या गेटमधल्या स्पीडब्रेकरवर तीच खडखड, त्याच जागी.

पुढच्या रविवारी डिकीतलं सगळं बाहेर काढून खाली सतरंजीवर मांडलं. उजव्या बाजूच्या खोबणीतला जॅक दोन बोटांत धरून हलवला, आणि महिनाभर ऐकत होतो तो आवाज हातात आला. अनेक छोट्या गाड्यांमध्ये जॅक नुसता ठेवायचा नसतो. खोबणीत बसवून त्याचा स्क्रू हाताने फिरवत जॅक थोडा उघडायचा, म्हणजे तो दोन्ही बाजूंना दाबून घट्ट बसतो. घाटात त्या घाईत ते राहून गेलं होतं. दहा सेकंदांचं काम होतं.

म्हणून गाडी रिकामी करा म्हणजे खरंच करा. डिकी, स्टेपनीची जागा, जॅक, पाना, दारांचे कप्पे, ग्लोव्ह बॉक्स, सीटखालची जागा, आरशाला लटकवलेली माळ, नंबर प्लेट आणि तिची फ्रेम. स्टेपनीला आवळणारा मधला बोल्ट घट्ट आहे का बघा. बोनेट उघडा ठेवायची सळई तिच्या क्लिपमध्ये नीट बसलीय का बघा. ती क्लिप प्लॅस्टिकची असते आणि जुन्या गाडीत हमखास तुटलेली असते. मागची सीट दुमडणारी असेल तर तिचं लॉक पूर्ण बसलंय का, मागच्या सीटबेल्टचं बक्कल दाराच्या प्लॅस्टिकवर आपटतंय का, हेही. मग रिकाम्या गाडीने नेहमीच्या रस्त्यावर एक चक्कर मारा.

डिकीत सीएनजीची टाकी असेल आणि तिच्या पट्ट्यांतून किंवा स्टँडमधून आवाज येत असेल, तर स्वतः पाना लावू नका. अधिकृत सीएनजी केंद्रात न्या. त्या निमित्ताने टाकीची दर तीन वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) बाकी आहे का, तेही कळेल.

पावसाळ्यानंतर आणखी एक जागा बघा: समोरच्या काचेखालची जाळी. तिथे साचलेला पाला ब्लोअरच्या तोंडापर्यंत पोचतो. जुन्या गाडीत केबिन फिल्टर नसेल तर पिंपळाचं एखादं सुकं पान सरळ पंख्यात जातं आणि डॅशबोर्डच्या मागे फडफड सुरू होते. ब्लोअर एक ते चार करत न्या. आवाज त्याच्याबरोबर वाढला तर इंजिनचा, चाकांचा काही संबंध नाही.

उभ्या गाडीत ऐका

मोकळ्या हवेत, सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून आणि चाकाला वीट लावून. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून ऐकत बसू नका, धुराने जीव जातो. बोनेट उघडल्यावर ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी सांभाळा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद केल्यावरही आपोआप सुरू होऊ शकतो.

मारुती ८०० किंवा जुन्या अल्टोसारख्या तीन सिलिंडरच्या गाड्या उभ्या असताना थोड्या थरथरतातच. तो त्या इंजिनाचा स्वभाव आहे, त्याला दोष समजू नका. पण ती थरथर फाउंडेशनच्या रबरांनी पिऊन घ्यायची असते. रबर कडक झालं किंवा फाटलं की ती सगळी बॉडीत उतरते, आणि आतापर्यंत गप्प असलेली दहा प्लॅस्टिकं एकदम बोलायला लागतात. म्हणून डॅशबोर्ड, काच, दारं सगळीकडूनच आवाज येत असेल तर प्रत्येकाच्या मागे लागण्याआधी फाउंडेशन बघून घ्या. गिअर टाकून क्लच सोडताना एक जड धक्का जाणवतो का, हीही त्याचीच खूण.

आता सोबतच्या माणसाला आत बसवून सावकाश अ‍ॅक्सिलरेटर द्यायला सांगा. आवाज एका ठरावीक आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) येऊन त्याच्या खाली-वर गायब होत असेल, तर तो मोडलेल्या भागाचा कमी आणि सैल भागाचा जास्त. ओट्यावरचा मिक्सर दोन नंबरवर लावला की फळीवरच्या डब्याचं झाकण वाजतं आणि तीनवर नेला की गप्प होतं, तसंच हे. प्रत्येक वस्तूचा स्वतःचा कंपनाचा वेग असतो. इंजिन त्या वेगाला आलं की ती वस्तू त्याच्याबरोबर नाचते.

जुन्या गाडीत अशा किणकिणीला पहिला संशयित म्हणजे हीट शील्ड: सायलेन्सरच्या पाइपवर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांवर) बसवलेला पातळ पत्रा. त्याचे बोल्ट लहान असतात आणि गंजून पत्र्याचं भोक मोठं होतं. कोकणात खाऱ्या हवेमुळे हे लवकर होतं. इंजिन पूर्ण थंड असताना पत्रा हाताने हलवा. वाजला तर कळलंच. बोल्टची जागा खाऊन गेली असेल तर स्टीलची मोठी होज क्लिप पाइपभोवती घेऊन पत्रा आवळता येतो, आणि हा उपाय चांगला टिकतो. "काढूनच टाकतो पत्रा" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. तो पत्रा तापलेल्या पाइपपासून गाडीचा तळ आणि वायरी वाचवतो, आणि सुक्या गवतावर गाडी उभी केली तर आग लागण्यापासूनही.

थंड सायलेन्सरवर तळहाताने थाप मारा. आतून खुळखुळ आली तर आतल्या जाळ्या सुटल्यात. तो सायलेन्सरच बदलावा लागतो, बाहेरून वेल्डिंग करून उपयोग नाही. टांगायची रबरं तुटली असतील तर सायलेन्सर खड्ड्यात तळाला लागून धडधडतो. ही रबरं स्वस्तात मिळतात, आणि एखाद्या प्रवासात सायलेन्सर रस्त्यावर पडण्याआधी बदललेली बरी.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरबद्दल (एक्झॉस्टच्या पाइपवरचा, धूर स्वच्छ करणारा डबा) जरा सविस्तर सांगतो, कारण इथे पैसे मोठे आहेत. त्याच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखं सिरॅमिक असतं. चालू गाडीत ते चारशे अंशांच्याही वर तापतं. खाली दगड लागला, तापलेलं असताना पाण्याचा लोट बसला किंवा इंजिनात मिसफायर होऊन न जळलेलं पेट्रोल त्यात जळत राहिलं, तर ते पोळं फुटतं. मग रबरी हातोडीने थंड कन्व्हर्टरवर टपली मारली की डब्यात खडी भरल्यासारखा आवाज येतो. तुकडे पुढे जाऊन अडकले तर गाडीचा जोरही कमी होतो. तो बदलायची वेळ आली तर जुना भाग परत मागून घ्या. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारातही त्याला चांगली किंमत येते. आतलं पोळं काढून रिकामा डबा बसवायचा सल्ला मिळेल. तो ऐकू नका. पीयूसीला अडचण येईल, आणि आपल्या गल्लीतल्या पोरांच्या छातीत तो धूर जाईल.

इंजिनाच्याच आवाजासाठी स्क्रू ड्रायव्हर वापरा. टोक इंजिनाच्या न हलणाऱ्या भागावर टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. पट्टा आणि पंखा यांच्यापासून लांब. टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावर, लयीत टिकटिक स्पष्ट आली तर आधी ऑइल मोजायची पट्टी बघा. ऑइल कमी असलं किंवा पाण्यासारखं पातळ झालं असलं की टॅपेट वाजतात, आणि ऑइल बदलून गप्प झालेली इंजिनं मी पाहिली आहेत. सकाळी पहिल्यांदा चालू करताना दोन-तीन सेकंद खरखर येऊन थांबत असेल आणि इंजिन टायमिंग चेनचं (आत पट्ट्याऐवजी साखळी असलेलं) असेल, तर चेन किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर तपासून घ्या. हा आवाज महिन्यागणिक लांबत जातो, म्हणून वहीत तारखेसह सेकंद लिहा.

उभ्या गाडीत क्लच दाबा आणि सोडा. दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग. सोडल्यावर येऊन दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्समधलं बेअरिंग. एसी लावताच आवाज आला तर कॉम्प्रेसर किंवा त्याच्या पुलीकडे बघायचं.

चालत्या गाडीत ऐका

सपाट, मोकळा रस्ता, रेडिओ बंद, एसी बंद. ४०च्या वेगाला क्लच दाबून आरपीएम खाली येऊ द्या. आवाज आरपीएमबरोबर पडला तर तो इंजिन किंवा एक्झॉस्टचा. गाडीच्या वेगाबरोबर तसाच राहिला तर चाकांकडचा. हे करताना चावी बंद करू नका, ब्रेक जड होतो आणि स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. घाटाच्या उतारावर तर हा प्रयोग करूच नका.

मग एखाद्या लांब कंपाउंड भिंतीच्या कडेने, काच खाली करून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश जा. भिंतीवरून आवाज परत कानात येतो आणि डावीकडचा आहे की नाही हे लगेच कळतं. परत येताना भिंत उजवीकडे ठेवा.

टिकटिक येत असेल तर मोजा. बारा-तेरा इंचांच्या रिमचं चाक २०च्या वेगाला सेकंदाला साधारण तीन-सव्वातीन फेरे घेतं. १० सेकंदांत ३०-३३ टिकटिक झाली तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक, म्हणजे टायरमध्ये रुतलेला खडा, खिळा किंवा सैल व्हीलकॅप. आधी टायर बघा. खिळा दिसला तर उपटू नका, पंक्चरवाल्याकडेच काढा.

स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून मोकळ्या मैदानात हळू गोल फिरा. वळणावरच टकटकटक येऊन सरळ झाल्यावर थांबत असेल, तर ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकाकडे नेणाऱ्या दांड्याचा) बाहेरचा जॉइंट गेलाय. त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं दिसेल.

खड्ड्यातली खडखड असेल आणि ब्रेकवर पाय नुसता टेकवल्यावर ती थांबत असेल, तर शॉकअपला हात लावू नका. पॅड किंवा कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना सैल आहेत, किंवा पॅड धरून ठेवणारी छोटी पत्र्याची क्लिप मागच्या कामात बसवायचीच राहिलीय. ती क्लिप नसल्यामुळे लोक सस्पेन्शन बदलून बसतात, म्हणून मी ही चाचणी सगळ्यांना आधी करायला सांगतो.

जांभ्या दगडाच्या कच्च्या रस्त्यावरून आल्यानंतर अचानक कर्कश खर्रर्र सुरू झाली, तर डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात खडा अडकलेला असतो. थोडी मागे-पुढे केली की पुष्कळदा तो पडतो.

सस्पेन्शन: इथे घाई नको

मुंबईत पेव्हर ब्लॉकचा रस्ता शोधा, तो यासाठी उत्तम. छोट्या, सलग उंचवट्यांवर हलकी टकटक येते आणि मोठ्या स्पीडब्रेकरवर मात्र येत नाही, अशी तक्रार असेल तर स्टॅबिलायझर बारचे (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या सळईचे) बुश किंवा तिला चाकाकडच्या भागाशी जोडणारा लिंक रॉड हे पहिले. मोठ्या खड्ड्यातच जड ठक येत असेल तर शॉकअप, त्याचं वरचं माउंटिंग किंवा लोअर आर्म. रस्ता रिकामा असताना स्पीडब्रेकरवरून आधी फक्त डावी चाकं न्या, मग फक्त उजवी. बाजू कळते.

लिंक रॉड तपासण्यात एक चूक नेहमी होते. एकाच बाजूचं चाक जॅकवर उचललं की स्टॅबिलायझर बारला पीळ बसतो, लिंक रॉड ताणला जातो आणि सैल असूनही हलत नाही. मग "लिंक रॉड ओके आहे" असं उत्तर मिळतं. चारही चाकं जमिनीवर असताना, स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि इंजिन बंद करून, चाकामागे हात घाला आणि रॉड जोरात हलवा. ढिलाई असेल तर बोटांना टक लागते, कानाआधी. काही छोट्या गाड्यांत वेगळा लिंक रॉड नसतोच, तिथे बारचे बुश टॉर्चने बघा: भेगा पडून रबर बाहेर आलेलं दिसतं.

वरचं माउंटिंग तपासायला दोघं लागतात. उभ्या गाडीत एकाने स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, दुसऱ्याने बोनेट उघडून शॉकअपच्या वरच्या टोपीवर तळहात ठेवायचा. गुळगुळीत फिरण्याऐवजी झटका लागून टण् असा आवाज आला, तर माउंटिंगचं बेअरिंग गेलंय.

बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाक यांच्यातला गोळ्याचा सांधा) आणि चाकाचं बेअरिंग सैल झाले की एकसारखे वाजू शकतात. चाक उचलून, गाडी स्टँडवर टेकवून, घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. ढिलाई लागली तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट. ३ आणि ९ च्या जागी हलत असेल तर टाय रॉडकडे, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांडीकडे, बघा. बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं होतं, म्हणून तो सैल सापडला की गाडी थेट गॅरेजला. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली जायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा.

आवाज सापडला नाही तर

मोबाइल रेकॉर्डिंगला लावून फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवा आणि त्याच रस्त्यावर चक्कर मारा. मग पुढच्या सीटखाली ठेवा. मग मागच्या सीटवर, डावीकडे, उजवीकडे. रस्ता आणि वेग तोच हवा. घरी येऊन हेडफोन लावून ऐकलं की कुठल्या जागी आवाज सगळ्यात मोठा होता ते कळतं. गाडीच्या आत आवाज फार फसवतो. मागून येतोय असं वाटतं आणि असतो पुढच्या दारात. दाराचा संशय असेल तर चालत्या गाडीत शेजारच्याला दाराच्या पॅनलवर हात दाबून धरायला सांगा. थांबला तर पॅनलची क्लिप, नाहीतर काचेच्या फटीतून दाराच्या आत पडलेलं नाणं.

चढावर मोठ्या गिअरमध्ये जोर दिला की पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवल्यासारखी बारीक टरटर येते आणि गिअर खाली घेतला की जाते, ती नॉकिंगची, म्हणजे इंजिनात पेट्रोल अवेळी पेटण्याची. तिथे सैल काही नसतं, पाने घेऊन शोधू नका. वेळेवर गिअर खाली घ्या, आणि तरीही येत राहिली तर इंजिनचं तापमान आणि ट्यूनिंग दाखवा.

गॅरेजमध्ये काय सांगायचं

भागाचं नाव सांगू नका, मी शॉकअपचं सांगितलं तसं. आवाज सांगा: "पुढे डावीकडून कोरडी टकटक. छोट्या खड्ड्यात येते, स्पीडब्रेकरवर नाही. ब्रेक दाबला तरी थांबत नाही. गाडी थंड असो वा गरम, सारखीच." एवढं ऐकल्यावर कुठलाही अनुभवी मिस्त्री अर्ध्या मिनिटात मुद्द्यावर येतो. त्याला शेजारी बसवून तुम्हीच गाडी चालवा, ज्या रस्त्यावर आवाज येतो त्याच रस्त्यावर. मग जागा बदला आणि त्याला चालवू द्या.

काम एकेक करून घ्या. लिंक रॉडला काहीशे रुपये लागतात, शॉकअपच्या जोडीला काही हजार. आधी स्वस्त आणि जास्त संशयित भाग बदला, चक्कर मारा, मग पुढचं ठरवा. शॉकअप आणि स्प्रिंग मात्र जोडीनेच बदला, नाहीतर गाडी एका बाजूला वेगळी वागते. काढलेले भाग मागून घ्या आणि हातात धरून हलवून बघा. खराब लिंक रॉडचा बॉल बोटाने लुळा फिरतो, चांगल्याचा जोर लावून फिरवावा लागतो. हा फरक एकदा बोटांना कळला की पुढच्या वेळी तुम्हीच चाकामागे हात घालून ओळखाल.

बदललेल्या भागाचं नाव, तारीख आणि किलोमीटर त्याच वहीत लिहा. खासगी गाडीची आरसी १५ वर्षांनी संपते आणि फिटनेस तपासणीनंतर पुढच्या ५ वर्षांसाठी नूतनीकरण होतं. त्या वेळी स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन यांचं कुठलं काम कधी झालंय हे शोधत बसावं लागणार नाही. नंतर कधी गाडी विकायला काढलीत, तर ती वही गाडीबरोबर द्या.